एलटीतही लिस्प आले, आता वापरा

सबमिशन ड्रॉइंगमधले सगळ्यात कंटाळवाणे काम म्हणजे एरिया स्टेटमेंट. 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार, म्हणजे मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्रात, एफएसआयचा हिशेब पी-लाइनच्या आतले क्षेत्र धरून होतो. एक भिंत सरकली की आकडे बदलतात आणि ड्राफ्ट्समन पुन्हा एकेका मजल्यावर क्लिक करत बसतो. एक आकडा चुकला, की महापालिकेतून फाइल परत.

हे काम माणसाने करायचेच नाही. ऑटोलिस्प ऑटोकॅडमध्ये 1986 पासून आहे. नोटपॅडमध्ये पंधरा-वीस ओळी लिहायच्या. 'एसएसगेट'ला लेअरचे नाव दिले की त्या लेअरवरच्या सगळ्या पॉलिलाइन हाती येतात. प्रत्येकीचे क्षेत्रफळ घ्यायचे, ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तर दहा लाखांनी भागून चौरस मीटर करायचे आणि बेरीज मारायची. एक ओळ मात्र विसरू नका: पॉलिलाइन बंद आहे का, हे तपासणारी. उघडी राहिलेली पॉलिलाइनही ऑटोकॅड बंद असल्यासारखीच मोजते, तक्रार करत नाही. हाताने मोजतानाही हीच चूक होते आणि ती कुणाला दिसत नाही. स्क्रिप्टला सांगून ठेवले, तर ती दर वेळी दाखवते.

मग लहान ऑफिसांत हे का रुजले नाही? मोठे कारण परवान्याचे. परवडते म्हणून घेतलेल्या ऑटोकॅड एलटीमध्ये लिस्प चालतच नसे. एलटी बाजारात आले 1993 मध्ये, लिस्प त्यात आले 2024 च्या आवृत्तीत. ज्यांच्याकडे माणसे कमी, त्यांनाच तीस वर्षे हाताने राबवले. हे अन्यायाचेच होते, आणि उशिरा सुधारले म्हणून ते विसरावे असे मला वाटत नाही.

रेव्हिटकडे वळणाऱ्यांसाठी डायनॅमो आहे, चांगले आहे. पण तिथे आयर्नपायथनवरून सीपायथनवर जाताना अनेकांच्या चालत्या स्क्रिप्ट दुरुस्त कराव्या लागल्या. लिस्पच्या कित्येक जुन्या फाइली आजही तशाच चालतात. पहिली भाषा म्हणून मी लिस्पच सुचवीन.

वास्तुकला महाविद्यालयांनी ती दुसऱ्या वर्षातच शिकवावी, तीही वेगळा पेपर न काढता. डिझाइनच्या सबमिशनला विद्यार्थ्याने स्वतःच्या इमारतीचे एरिया स्टेटमेंट स्वतःच्या स्क्रिप्टने काढून जोडावे आणि ज्युरीने त्या फाइलवरही प्रश्न विचारावेत.