शिकाऊ की स्वस्त मजूर?

चाकणच्या कारखान्यांत आयटीआयचा तरुण ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणून दाखल होतो. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे १८वे कलम त्याला कामगार मानीत नाही. सबब बहुतेक कामगार कायद्यांचे संरक्षण त्याला नाही. परंतु त्याच कायद्याचे ११वे कलम मालकावर शिकविण्याचे बंधन घालते. पहिले कलम काटेकोर पाळावयाचे आणि दुसरे विसरावयाचे, तर शिक्षणाच्या नावाने स्वस्त श्रमांचा बाजारच भरेल. म्हणून भोसरी-चाकणच्या तरुणांनी विद्यावेतनाबरोबर ‘आम्हांला शिकविले काय?’ हाही हिशेब मागितला पाहिजे. शासकीय आयटीआयमधील नोंदी मागण्यास २००५चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे. शिक्षणाचा खरा परीक्षक शिकणाराच. त्याने गप्प बसून कसे चालेल?