कबूल केलं ते वेळेत द्या

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत मेथीची जुडी घेतली की विक्रेती कोथिंबिरीच्या चार काड्या आणि दोन मिरच्या वर घालते. नेहमीच्या गिऱ्हाइकाला तर मागावंही लागत नाही. 'घ्या ताई, आमटीला होईल,' म्हणत ती पिशवीत टाकते आणि पुढच्या माणसाचं वजन करायला वळते. हे वरचं देणं तिनं भावात धरलेलंच असतं, पण ती ते पैसे घेताना, डोळ्यांदेखत देऊन टाकते. 'मिरच्या आठ आठवड्यांनी मिळतील, पत्ता लिहून ठेवा,' असं एखादीनं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी तिच्या गाळ्यावर कुणी उभं राहणार नाही.

मंडईतून बाहेर पडून भोवतालच्या दुकानांत शिरलं की नेमकं हेच घडतं आणि आपण ते चालवून घेतो. कुकरवर तवा मोफत, चहाची रिकामी पाकिटं पाठवा आणि बरणी मिळवा, टीव्हीच्या खरेदीवर गिफ्ट व्हाउचर. दुकानात पैसे रोख मोजायचे, भेट मात्र कधीतरी, कुठून तरी, पोस्टानं यायची. ती वेळेवर आल्याचं सांगणारी माणसं मला क्वचित भेटतात. वाट पाहून नाद सोडलेली घरोघरी आहेत.

गेल्या दिवाळीत मंडईमागच्या एका दुकानातून मी मिक्सर घेतला. खोक्यावर ठळक मराठीत लिहिलं होतं, 'स्टीलच्या डब्यांचा संच मोफत'. त्याच किमतीत दुसऱ्या कंपनीचा मिक्सर शेजारी ठेवलेला होता. डब्यांमुळे मी हा घेतला. घरी येऊन खोकं उघडलं तर आत बोटभर रुंदीचं इंग्रजी कार्ड. बिलाची झेरॉक्स, दुकानाचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, त्यावरचा अनुक्रमांक आणि खोक्यावरचा बारकोड कापून पंधरा दिवसांच्या आत परराज्यातल्या एका पोस्ट बॅग नंबरवर पाठवा. साठा असेपर्यंत भेट आठ आठवड्यांत मिळेल. बारकोड कापला की मिक्सर परत करायची वाट बंद होते, हेही त्यात आलंच. मी सगळं जोडून रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. सहीची पोचपावती परत आली. डबे आले नाहीत. संक्रांत गेली, होळी गेली, पाडव्याला शेजाऱ्यांकडे श्रीखंड पोचवलं तेही जुन्याच डब्यातून. फोन करावा तर पहिल्यांदा उत्तर आलं, 'मॅडम, तुमची विनंती प्रक्रियेत आहे.' पुढे ते 'कागदपत्रं अपूर्ण आहेत' असं झालं. कोणता कागद कमी आहे, हे सांगणारं कुणी नव्हतं. शेवटी कळलं की योजनेची मुदत संपली आहे.

आमच्या शेजारच्या काकूंकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. चहाच्या पाकिटांचे कापलेले कोपरे त्यांनी पुसून, सरळ करून, दहा-दहाच्या गठ्ठ्यांना रबर लावून त्यात ठेवले आहेत. बरणीसाठी त्यांनी वर्षभर तोच चहा आणला. घरात कुणाला तो फारसा आवडत नव्हता, तरी आणला. कोपरे पुरे झाले आणि दुकानदारानं सांगितलं, योजना मागच्या महिन्यात बंद झाली. काकूंनी वर्षभर पाळलेली निष्ठा कंपनीच्या विक्रीत जमा झाली आहे. तिच्या बदल्यात जे कबूल केलं होतं ते कुणाच्याच खात्यावर नाही.

उशीर होतो तेव्हा आपण पोस्टाला दोष देतो किंवा आपलं नशीब म्हणतो. या उशिराचा कंपनीला फायदा असतो, हे आपण लक्षात घेत नाही. अशी योजना आखताना कंपनी पहिला अंदाज बांधते तो भेट मागायला किती जण येतील याचा. किती जण कार्ड हरवतील, किती जणांना बारकोड कापायचा कंटाळा येईल, किती जण पहिल्या फोननंतर गप्प बसतील, हे खर्चाच्या हिशेबात धरलेलं असतं. प्रत्येक नवी अट आणि प्रत्येक जादा आठवडा आणखी काही लोकांना गाळतो. खोक्यावरचा शब्द सगळ्यांना विकला जातो, भेट थोड्यांनाच द्यावी लागते.

हा अंदाज चुकला की काय होतं, ते ब्रिटनमध्ये हूवर कंपनीनं 1992 मध्ये पाहिलं. शंभर पौंडांच्या खरेदीवर विमानाची दोन परतीची तिकिटं मोफत, अशी योजना तिनं काढली. आधी युरोपातल्या शहरांसाठी आणि मग चक्क अमेरिकेसाठी. पावती पाठवा, मग फॉर्म भरा, मग तारखा आणि विमानतळ सुचवा, मग कंपनी दुसऱ्या तारखा सुचवेल, अशी लांबलचक वाट आखली होती. बहुतेक लोक मध्येच कंटाळतील यावर सगळी भिस्त होती. लोक कंटाळले नाहीत. त्यांनी पिच्छा पुरवला, संघटना केली, कोर्टात गेले. योजना कंपनीला सुमारे पाच कोटी पौंडांना पडली. अमेरिकेत पोस्टानं परतावा देण्याच्या योजनांचा सुळसुळाट होता तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं 2005 मध्ये कॉम्पयूएसए या संगणक विकणाऱ्या दुकानसाखळीवर कारवाई केली. जाहीर केलेले परतावे ग्राहकांना वेळेत मिळाले नव्हते, हाच आरोप होता. आठवडे उलटणं हा तिथल्या सरकारी यंत्रणेनं गुन्ह्यासारखा गंभीर मुद्दा मानला. आपल्याकडे तो चिडचिडीचा विषय होऊन राहतो.

योजना नीट चालवता येत नाहीत असं मुळीच नाही. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी निघायचे. पेस्ट घरी आली की प्राणी घरी आला. 1999 च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी ब्रिटानियानं बिस्किटांच्या वेष्टनांवर रन छापले होते आणि शंभर रन जमवायला आमच्या गल्लीतली पोरं एकमेकांशी वेष्टनांची अदलाबदल करत होती. जे देऊ केलं आहे ते ग्राहकाच्या जवळ, दुकानात किंवा खोक्यातच ठेवलं की लबाडीला जागा उरत नाही. अंतर वाढवलं, मध्ये पोस्ट बॅग आली, तिच्यामागे एक कंत्राटी एजन्सी आली, एजन्सीचं कंत्राट वर्षानं बदललं की गिऱ्हाइकांच्या कागदांना वाली राहत नाही.

या सगळ्यात भरडला जातो तो दुकानदार. ज्या दुकानातून मिक्सर घेतला तिथं मी गेले, तेव्हा त्यानं गल्ल्याशेजारची फाईल काढून दाखवली. कंपनीच्या योजनेप्रमाणे गिऱ्हाइकांना त्यानं पदरचं दिलं होतं आणि त्याचा क्लेम डिस्ट्रिब्युटरकडे अडकला होता. 'ताई, तुमचे डबे एकदाच अडकलेत. आमची तर दर सीझनला क्रेडिट नोट अडकते. विचारलं की म्हणतात, वरून मंजूर व्हायचंय.' गिऱ्हाईक त्याच्यावर चिडतं, कारण त्याचाच चेहरा समोर असतो. कंपनीनं दिलेला शब्द मोडतो आणि पत जाते ती पिढ्यान्‌पिढ्या शुक्रवार पेठेत धंदा करणाऱ्या माणसाची.

ही मंडई ज्यांच्या नावानं उभी आहे ते जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईच्या भव्य इमारतीवर लोकांचा पैसा घालायला त्यांनी विरोध केला. तो शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी इमारत झाली, 1886 मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं सुरू झाली आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं तिला फुल्यांचं नाव मिळालं. 1883 मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीरावांनी दाखवून दिलं होतं की, ज्याला कागद वाचता येत नाही त्याला कागदाच्या जोरावर नाडणं किती सोपं असतं. आज मंडईत येणाऱ्या बहुतेकांना वाचता येतं. म्हणून फसवणुकीनं दुसरी वाट धरली आहे. मोफतची घोषणा मराठीत, ठळक अक्षरात. अटी इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात.

ही गोष्ट नियमात बसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून 2022 मध्ये फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. दावा ज्या भाषेत केला आहे त्याच भाषेत खुलासा हवा आणि त्याचा टंकही दाव्याचाच हवा, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. फसव्या जाहिरातीबद्दल कंपनीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केलं तर पन्नास लाखांपर्यंत दंड करायचा अधिकार या प्राधिकरणाला आहे. भेटवस्तूंबद्दलचा कायदा तर त्याहून जुना. 1984 मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हाच द्यायचा हेतू नसताना भेट किंवा बक्षीस जाहीर करणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती आली आणि 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या आजच्या कायद्यातही कलम 2(47) मध्ये आहे. किमतीत धरलेली वस्तू फुकट असल्याचा भास निर्माण करणं, हाही त्याच कलमातला दोष. योजना संपल्यावर तिचा निकाल सहभागी लोकांपासून दडवून ठेवणंही तिथंच मोडतं. ज्या वर्तमानपत्रात योजना जाहीर केली त्यातच निकाल ठळकपणे छापावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. दिवाळीच्या पानभर जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्या. त्या योजनांत किती जणांना काय मिळालं, ते छापलेलं कुणी पाहिलं आहे?

पुण्याला तर या बाबतीत गप्प बसायची मुभाच नाही. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली ती याच शहरात, ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदा होण्याच्या बारा वर्षं आधी. भाववाढ, टंचाई आणि भेसळीच्या त्या काळात एकट्या गिऱ्हाइकाला कुणी विचारत नव्हतं. गिऱ्हाइकांनी एकत्र यावं, हिशेब मागावा, ही सवय त्या चळवळीनं लावली. आज एकत्र यायला सभागृहाचीही गरज नाही. सोसायटीतल्या पाच घरांनी एकाच योजनेबद्दल एकत्र तक्रार केली तरी कंपनीला ती बाजूला सारणं कठीण जातं.

करायचं ते अवघड नाही. कागद पाठवण्याआधी बिल, कार्ड, बारकोड आणि खोक्यावरच्या घोषणेचा फोटो काढून ठेवावा. मुदत उलटली की फोनवर न थांबता कंपनीला लेखी कळवावं. पाकिटावर तक्रारीसाठी पत्ता, फोन आणि ईमेल छापणं कंपनीवर बंधनकारक आहे, तो तिथं सापडेल. दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तरीही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी डब्यांसाठी या वाटेनं निघाले आहे. वस्तू हजार रुपयांचीही नसेल, पण डबे मिक्सरच्या किमतीत आले होते आणि ती किंमत मी दुकानात पूर्ण मोजली आहे. जे विकत घेतलं ते मिळवण्यासाठी अर्जविनंती कशाला करायची? ते येणं आहे आणि येण्याची वसुली करायची असते.

कंपन्यांकडून दोन गोष्टी हव्यात. भेट द्यायची असेल तर ती दुकानात, मालाबरोबर द्या. पोस्टानंच पाठवायची असेल तर खोक्यावर मराठीत तारीख छापा आणि ती चुकली की भेटीची किंमत ग्राहकाच्या खात्यात आपोआप जमा करा. बिल आणि बँक खातं जोडणं आज एका दिवसाचं काम आहे. हप्ता एक दिवस उशिरा भरला तर याच व्यवस्थेत आपल्याकडून दंड कापला जातो, तिथं कुणी प्रक्रियेचं नाव सांगत नाही. तोच न्याय उलट्या बाजूनंही लागू झाला पाहिजे. सरकारी निरीक्षक मंडईतल्या विक्रेतीचा काटा तपासतो आणि ते योग्यच आहे. मोठ्या कंपनीच्या आठ आठवड्यांचंही माप तसंच तपासलं गेलं पाहिजे, आणि ते तपासायला भाग पाडण्याचं काम तुमचं-माझं आहे. घरातल्या ड्रॉवरमध्ये असं एखादं कार्ड पडलं असेल, तर त्यावरची तारीख आजच बघा. दोन वर्षं उलटली नसतील तर तक्रार लिहायला बसा.