‘रंग दबा हुआ है’ आणि कपाटातली ट्यूब

गेल्या वर्षी रमजान ईदला मी पुण्याहून सोलापूरला घरी गेलो. एरवी माझी बॅग हिसकावून घ्यायला दारात धावत येणारी धाकटी बहीण या वेळी खोलीतून बाहेरच आली नाही. अम्मी म्हणाली, ‘‘तबियत ठीक नहीं उसकी.’’ आत जाऊन पाहिलं तर तिचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला होता. गालांवर पुरळ होतं, कातडी इतकी पातळ की खालच्या बारीक शिरा दिसत होत्या. उन्हात पाऊल टाकलं की आग होते, म्हणाली.

तिने कपाटातून एक ट्यूब काढून दाखवली. मैत्रिणीने सुचवलेली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा असा काही उजळला की सगळ्यांनी विचारलं, ‘‘क्या लगाती हो?’’ आठ महिने ती रोज लावत राहिली. ट्यूब संपली, आठवडाभर नवी आणली नाही, आणि चेहरा असा पेटला.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. बिघाड दिसला की आधी कागदपत्रं वाचायची, ही कामाची सवय. ट्यूबवर लाल उभी रेघ होती, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायचं औषध. आत तीन द्रव्यं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं मोमेटासोन हे स्टिरॉइड. त्वचारोगतज्ज्ञ हे मिश्रण काही डागांवर थोडे आठवडे, स्वतःच्या देखरेखीखाली देतात. पण आपल्याकडे ते गोरं होण्याची क्रीम म्हणून फिरतं. स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा फिकट आणि नितळ दिसतो. त्वचेला त्याची सवय लागते आणि ते बंद केलं की ती उलटते. 2018 साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. नियम कागदावर आहे, ट्यूब आमच्या कपाटात होती.

मला राग मेडिकलवाल्याचा आला. पण तो राग रात्रीपर्यंतच टिकला. बहिणीला ती ट्यूब का लागली होती? दोन वर्षं घरी पाहुणे येत होते, चहा-नाश्ता होत होता आणि चार दिवसांनी मध्यस्थाचा निरोप येत होता, ‘‘लडकी अच्छी है, पर रंग जरा दबा हुआ है.’’ एम.कॉम. झालेली, पगार कमावणारी मुलगी या एका वाक्यावर परत पाठवली जात होती. आणि मी? सहा वर्षांपूर्वी माझा बायोडेटा फिरत होता तेव्हा ‘अपेक्षा’ या रकान्यात लिहिलं होतं: गोरी, शिकलेली, घरेलू. तो मी टाइप केला नव्हता, हे खरं. पण मी तो वाचला होता, आणि त्यात फक्त पगाराचा आकडा दुरुस्त करून परत पाठवला होता. तेच वाक्य दुसऱ्या कुणाच्या भावाने माझ्या बहिणीच्या वाट्याला पाठवलं, इतकंच.

हा बाजार जुना आहे. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 साली भारतात आली. 2020 साली तिच्या नावातलं ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं. त्याच वर्षी एका मोठ्या विवाह-संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळं निवडायची सोय काढून टाकली. आपल्या घरांतल्या बायोडेटावरून मात्र तो शब्द अजून गेलेला नाही.

म्हणून चेहऱ्याला लावायच्या वस्तूंबद्दल मी, एक पुरुष, लिहितो आहे. त्या वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. चेहऱ्याची काळजी घेणं म्हणजे नखरा नव्हे. पण कोणती वस्तू काय करते हे माहीत नसेल, तर आपण काळजीच्या पैशात रंगाची भीती विकत घेतो.

बहिणीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आणि नंतर मी वाचलेलं थोडक्यात असं. पायाच्या वस्तू तीनच. पहिली, सौम्य फेसवॉश. तो तेल, घाम, धूळ काढतो, त्याहून जास्त काही नाही. दिवसातून दोनदा पुरे. पाच वेळच्या वुजूला साधं पाणी असतं, प्रत्येक वेळी फेसवॉश लावला तर त्वचा कोरडी पडून खाजते. दुसरी, मॉइश्चरायझर. ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक अॅसिड पाणी धरून ठेवतात, सेरामाइड त्वचेचा बाहेरचा थर सांधतं, पेट्रोलियम जेली ओल उडू देत नाही. चेहरा जरा ओलसर असतानाच लावलं तर अधिक उपयोग होतो. तेलकट त्वचेलाही ते लागतं, फक्त हलकं, जेलसारखं घ्यावं.

तिसरी आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे सनस्क्रीन. सोलापूरच्या उन्हात डाग आणि काळवंडणं टाळायला याहून चांगली वस्तू नाही. एसपीएफ 30 असेल तर त्वचा भाजणारे अतिनील किरण सुमारे 97 टक्के अडतात, 50 असेल तर सुमारे 98. म्हणजे मोठ्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही. महत्त्वाचं आहे ते प्रमाण: चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर दोन पूर्ण रेषा. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वुजूने ते बरंचसं निघतं, तेव्हा जोहरनंतर उन्हात जायचं असेल तर पुन्हा लावा.

यापुढच्या गोष्टी गरजेपुरत्या. मुरमांना सॅलिसिलिक अॅसिड, ते छिद्रांतलं तेल सोडवतं. डाग आणि तेलकटपणासाठी नायसिनामाइड. डाग फिके व्हायला व्हिटॅमिन सी. रेटिनॉल सुरकुत्या आणि मुरमांवर चालतं, पण ते रात्री, थोडं थोडं, आणि गरोदरपणात अजिबात नाही. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करा, म्हणजे काही बिघडलं तर कशामुळे ते कळेल. टोनर, फेस मिस्ट, सोन्याचे फेशियल यांवाचून कुणाचं अडत नाही.

यातली कोणतीही वस्तू जन्मजात सावळ्या मुलीला गोरी करत नाही. सगळ्या माणसांच्या त्वचेत रंगपेशी जवळजवळ सारख्याच असतात, फरक असतो त्या किती आणि कोणतं मेलॅनिन बनवतात याचा. ते मेलॅनिन उन्हापासून संरक्षण करतं. त्याला कमीपणा आपण चिकटवला.

जी वस्तू महिन्याभरात गोरं करते, तिच्यात बहुधा स्टिरॉइड असतं किंवा पारा. पारा मेलॅनिन बनू देत नाही, पण त्वचेतून रक्तात आणि मूत्रपिंडात जातो. 2023 साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका दुर्मीळ आजाराचे एकामागून एक रुग्ण दिसले. बहुतेकांमधला समान दुवा होता गोरेपणाची क्रीम. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला आपल्या कायद्याने बंदी आहे, तरी अशा डब्या पार्लरमधून आणि मोबाइलवरून विकल्या जातात. डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर ती घरात आणू नका. नावाच्या शेवटी ‘सोन’ दिसलं, किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. आणि आधीच लावत असाल तर एकदम बंद करू नका. घाबरू नका, लाजू नका, डॉक्टरांना ट्यूब दाखवा.

बहिणीचा चेहरा निवायला सहा महिने लागले. आता तिच्या कपाटात तीनच वस्तू आहेत. रंग होता तोच आहे, स्थळंही तशीच येतात.

गेल्या महिन्यात चुलतभावाचा बायोडेटा माझ्याकडे तपासायला आला. ‘अपेक्षा’च्या रकान्यात तोच शब्द पहिला होता. मी तो काढून टाकला आणि त्याला फोन करून का काढला ते सांगितलं. तो गप्प राहिला. चाची अजून रागावलेली आहे. असू दे. मित्रांनो, तुमच्या घरातूनही असा एखादा कागद फिरत असेल. पगाराचा आकडा तपासताना एक ओळ खाली बघा.