केबल चोरी अन् आपलं गप्प बसणं
विहिरीवरची केबल, मोटार गेली की आपण चार शिव्या देतो अन् नवी आणतो. ठाण्यात हेलपाटे कोण घालणार? पण कागदावर चोरीच नसेल तर शिवारात रात्रीची गस्त कशाला येईल? एका बीट अंमलदाराकडे कितीतरी गावं असतात. गावात त्याचे डोळे-कान म्हणजे पोलीस पाटील. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं गुन्ह्याची खबर देणं त्यांचं कामच आहे. म्हणून आधी पाटलांना सांगा, मग ठाण्यात जा. नुसता अर्ज देऊन परतू नका, गुन्हा नोंदवायला लावा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नाहीच नोंदवला तर पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी कळवा, कायद्यात तशी सोय आहे. पोलीस कमी आहेत हे खरं, पण न नोंदवलेली चोरी त्यांच्या हिशेबात येणार कशी?