परवाना कुणाच्या कमरेला?



आमदार पोलीस ठाण्यात कशाला जातो? तक्रार घेऊन. आपणही त्यासाठीच जातो. आपण बाहेर बाकड्यावर, तो आत साहेबाच्या केबिनमध्ये. फरक एवढाच, असं वाटत होतं. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात दुसरा फरक दिसला. कल्याण पूर्वचे भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांनी वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये शिंदे सेनेचे शहरप्रमुख महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. भांडण द्वारलीच्या जमिनीचं. कॅमेरा चालू होता, उभ्या महाराष्ट्राने पाहिलं.

मग आमदारांनी टीव्हीवाल्यांना फोनवर सांगितलं : माझ्या पोराला पोलिसांसमोर धक्काबुक्की झाली, मी स्वसंरक्षणासाठी गोळी मारली, पश्चात्ताप नाही. खटला कोर्टात आहे, गुन्ह्याचा निकाल कोर्टच देईल. पक्षाचा निकाल मात्र लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिकीट त्यांच्या पत्नीला, आणि त्या निवडून आल्या. गोळ्या खाऊन वाचलेला अपक्ष उभा राहिला आणि पडला.

आम्ही अडकलोय त्या एका शब्दापाशी. स्वसंरक्षण. हा शब्द कुणाच्या तोंडात शोभतो? २००९ पासून तीन वेळा निवडून आलेल्या माणसाला पोलीस ठाण्यात, पोलिसांच्या गराड्यात जिवाची भीती वाटते, आणि लोक म्हणतात, बापाचं काळीज हो. आणि गावकुसाबाहेरचा माणूस म्हणतो, मला जिवाची भीती आहे, तेव्हा हवालदार म्हणतो, जा रे, काही होत नाही. खैरलांजीत काय झालं? २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं झुंडीने मारली. त्यांच्या जिवाला धोका होता, हे कुणाच्या फायलीत होतं?

आता एक गंमत ऐका. ज्यांच्या नावावरून आपल्या थोरल्यांनी १९७२ साली मुंबईत पँथर काढली, त्या अमेरिकेतल्या काळ्या पँथरांची. ओकलंडची ही पोरं भरलेल्या बंदुका उघड घेऊन पोलिसांच्या गाडीमागे फिरायची. काळ्या माणसाला पोलिसांनी अडवलं की लांब उभं राहून बघायची, बस. तेव्हाचा कायदा त्याला आड येत नव्हता. तिथला रिपब्लिकन आमदार डॉन मलफर्ड. त्याने १९६७ मध्ये विधेयक आणलं : भरलेली बंदूक घेऊन रस्त्यावर फिरायचं नाही. २ मे रोजी पँथर बंदुकांसकट विधानभवनात घुसले. जुलैत गव्हर्नर रेगनने सही केली. हाच रेगन १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा बंदूकवाल्यांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेने त्याला पाठिंबा दिला. म्हणजे बंदूक हा हक्क आहे, पण काळ्या हातात गेली की तो दंगा. तिथल्या सनातन्यांचं आणि इथल्यांचं गोत्र एकच.

आपल्याकडे तर जुनीच तऱ्हा. १८९२ च्या सुमारास इंग्रजाने महारांची फौजेतली भरती थांबवली. कोरेगावच्या खांबावर आपल्या माणसांची नावं कोरलेली असताना! हातातलं हत्यार काढलं आणि वर ठरवलं की ही लढवय्यी जातच नव्हे.

आणि तरी कायद्यात एक गोष्ट लिहिलेली आहे, ती आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम काढा. नियम ३. अत्याचारप्रवण भागात, गरज वाटल्यास, दलित-आदिवासी सोडून इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करा, बंदुका सरकारी कोठारात जमा करा. बेकायदा हत्यारं जप्त करा. आणि जीव-मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज पडल्यास दलित-आदिवासींना शस्त्रपरवाने द्या. होय, सरकारनेच लिहिलंय. खैरलांजीच्या अकरा वर्षं आधी.

हे वाचून दाखवलं की काशीमीऱ्याची पोरं उसळतात. मग आपणही टाकू अर्ज! थांबा, भावांनो. दहा बाय बाराच्या खोलीत बंदूक ठेवणार कुठे? डाळीच्या डब्यामागे? पोरांच्या हाताला लागेल. आणि वस्तीत धाड पडली की पहिला नक्षलवादी तूच. बोरिवलीत ८ फेब्रुवारी २०२४ ला अभिषेक घोसाळकर यांना ज्या पिस्तुलाने मारलं, ते मारणाऱ्याच्या अंगरक्षकाचं, परवान्याचं. परवाना एकाचा, घोडा दाबणारा दुसराच. शिवाय ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात आपली दहा माणसं पडली ती राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी. तिथे कुठला परवाना कामाला येणार होता?

म्हणून आमचं मत असं, कुणाला मिळमिळीत वाटलं तरी चालेल : नियमाचं वरचं कलम आधी. देण्याच्या आधी काढून घेण्याचं. सगळं लक्ष तिथे.

मीरा-भाईंदरला ऑक्टोबर २०२० पासून वसई-विरारसह वेगळं पोलीस आयुक्तालय आहे. शस्त्रपरवान्याच्या फायली तिथेच. मिठागरांच्या, पाड्यांच्या जमिनीवर टॉवर चढतायत आणि प्लॉटवर पाटी लावायला येणाऱ्याच्या शर्टाखाली काय फुगलेलं असतं, ते पाड्यातल्या बाया बरोबर ओळखतात. माहितीच्या अधिकारात आम्ही विचारतोय : आत्मसंरक्षणासाठी आजवर किती परवाने दिले? त्यात लोकप्रतिनिधी किती, बिल्डर किती, अनुसूचित जाती-जमातीचे किती? गुन्हे नोंद असलेल्यांचे किती रद्द केले? नियम ३ खाली आजवर एक तरी कारवाई झाली का?

अर्जाचा मसुदा तयार आहे. ज्यांना आपल्या नावाने टाकायचाय त्यांनी रविवारी भेटावं, येताना दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणावा.

जय भीम.