गोधडी कोणाची?

गोधडी गरजेपोटी शिवली जाते, तेव्हा तिला कला म्हणण्याचे कारण नाही, असे मानणारे लोक दोन ठिकाणी आढळतात. एक म्हणजे रसिक म्हणवणाऱ्या अभिजनांत आणि दुसरे, खेदाने म्हणावे लागते, परिवर्तनाच्या चळवळीत. पहिल्यांना गोधडीत चिंध्या दिसतात, दुसऱ्यांना केवळ दारिद्र्य.

अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणावर वसलेल्या जीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीने दोघांनाही उत्तर दिले आहे. गुलामांच्या वंशजांची ही वस्ती. पुष्कळांचे आडनाव अजूनही जुन्या मळेमालकाचेच, पेटवे. १९३२ साली एका मृत व्यापाऱ्याच्या विधवेने थकलेल्या कर्जापोटी येथील कुळांची जनावरे, अवजारे, साठवलेले धान्यसुद्धा उचलून नेले. अशा घरांत फाटका कपडा टाकून देण्याची चैन नव्हती. तरीही १९४२ मध्ये मिसुरी पेटवे या स्त्रीने दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, ती केवळ थंडीसाठी नव्हे. त्याची आठवण अंगावर घेता यावी, हा तिचा हेतू तिच्या मुलीने पुढे सांगितला.

येथील रीतही पाहण्याजोगी आहे. वरचा थर जोडायचा तो एकटीने. कोणत्या तुकड्याशेजारी कोणता पट्टा, सरळ रेघ कुठे मोडायची, हा निर्णय सर्वस्वी तिचा. पुढे कापूस आणि अस्तर घालून टाके मात्र शेजारणींनी मिळून घालायचे. व्यक्ती आणि समूह यांच्या नात्यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी ही श्रमविभागणी एकदा डोळ्यांखालून घालावी.

कृष्णवर्णीयांना मतनोंदणीसाठी तालुक्याच्या गावी जाता येऊ नये म्हणून या नदीवरची फेरीबोट १९६२ साली बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. अशा मुलखात, नागरी हक्कांच्या लढ्यातून १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभी राहिली. तिने स्त्रियांच्या हाती स्वतःचा पैसा दिला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु बाजाराला एकसारखा माल हवा होता. १९७२ मध्ये सिअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयची उशांची आवरणे शिवण्याचे काम आले. माप ठरलेले, नमुना ठरलेला. शिवणारणीच्या डोळ्याला तेथे काम नव्हते, फक्त हातांना होते. कामातून उरलेले तुकडे स्त्रियांनी घरी नेले आणि आपल्या मनाच्या गोधड्या जोडल्या. त्यांतल्या काही पुढे संग्रहालयांत लागल्या.

२००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील प्रदर्शनांनी या स्त्रियांना नाव दिले. त्यांचे नमुने इतर वस्तूंवर छापून विकले जाऊ लागले, तेव्हा मोबदल्याचा प्रश्न घेऊन काहींना २००७ साली न्यायालयात जावे लागले. पुढच्या वर्षी तडजोड झाली. सहकाराने मजुरी दिली, पण नमुना दुसऱ्याचा. संग्रहालयाने नमुना तिचा मानला, पण पैशाचा हिशेब वादात. यांतले एकच काहीतरी कष्टकरी स्त्रीने निवडावे, हा आग्रह कोणाच्या सोयीचा आहे?

महाराष्ट्रात शिवणयंत्रे वाटून महिला-उद्योग उभारणाऱ्या कार्यकर्त्यांनी संस्थेचे नियम लिहिताना मजुरीच्या दराशेजारी नमुन्याच्या मालकीचेही कलम घालावे. जुन्या लुगड्यांच्या गोधडीत वाढलेल्यांना ते समजणे अवघड नाही. फ्रीडम क्विल्टिंग बी २०१२ मध्ये बंद पडली. जीज बेंडच्या काही स्त्रिया मात्र २०२१ पासून इंटरनेटवर आपल्या गोधड्या स्वतःच्या नावाने विकू लागल्या आहेत.