काढलेली गाठ फेकू नका

कुत्रीच्या पोटाखाली, आचळांच्या ओळीत गाठ लागली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "वय झालंय तिचं, चरबी असेल." दुसरा हात लावून बघतो आणि म्हणतो, "दगडासारखी लागतेय, संपलं सगळं." माझ्या मते दोघेही आपल्या बोटांवर नको तितका विश्वास टाकतात.

आचळ म्हणजे नुसत्या दूध करणाऱ्या पेशी नव्हेत. त्यांना धरून ठेवणारे संयोजी ऊतक भोवती असते. त्यात कोलॅजेन असते, सुंभासारखे चिवट, आणि इलॅस्टिनचे लवचीक तंतू असतात, ताणून पुन्हा जागेवर येणारे. गाठ झाली की या भागातही उलथापालथ होते. कुत्र्यांची तर वेगळीच तऱ्हा. त्यांच्या 'मिश्र' गाठींत कूर्चा तयार होते, कधी चक्क हाडसुद्धा! म्हणजे दगडासारखी गाठ साधी निघू शकते आणि मऊ गाठ कर्करोगाची.

खरे काय ते सूक्ष्मदर्शकच सांगतो. गाठीचे पातळ काप करून रंगवतात. नेहमीच्या रंगात पेशींची केंद्रके निळी-जांभळी आणि भोवतालचे तंतू गुलाबी दिसतात. त्या गुलाबी गर्दीत लवचीक तंतू ओळखणे अवघड. व्हेरहॉफचा रंग वापरला की ते काळे उठून दिसतात, आणि रक्तवाहिनीची भिंत कुठे आहे तेही कळते. शेवटी प्रश्न असतो तो हद्दीचा. पेशी आपल्या जागी आहेत, की शेजारच्या ऊतकात, वाहिन्यांत घुसल्या आहेत?

नसबंदी न झालेल्या कुत्रींमध्ये या गाठी सर्वांत जास्त आढळतात आणि ढोबळमानाने त्यांतल्या निम्म्या घातक असतात. म्हणजे नाणेफेकच. आणि तरीही ऑपरेशनचा खर्च करून झाल्यावर माणसे नेमका इथे हात आखडता घेतात. गाठ बादलीत जाते.

"म्हातारी झाली आहे, कळून करायचंय काय?" असे मला विचारतात. मुद्दा बिनतोड वाटतो, पण नाही. अहवाल साधा आला तर घरातल्यांना झोप लागते. वाईट आला तर छातीचा एक्स-रे, लसीकाग्रंथींची तपासणी, उरलेल्या आचळांवर लक्ष, हे वेळेत होते. पुढे काहीच करायचे नाही असे ठरवले, तरी ते डोळे उघडे ठेवून ठरवलेले असते. मुक्या जनावराच्या वतीने निर्णय आपण घेतो, तर निदान माहिती घेऊन घ्यावा.

म्हणून मंडळी, एवढेच करा. महिन्यातून एकदा तिच्या सगळ्या आचळांवरून, सहसा पाच जोड्या असतात, हात फिरवा. मागच्या दोन जोड्या जास्त नीट बघा, गाठी तिथेच जास्त येतात. आणि ऑपरेशन ठरले की आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा, "गाठ फॉर्मॅलिनमध्ये ठेवा, तपासायला पाठवायची आहे."